खुब्याच्या ऑपरेशनची वाट पाहताना : नाशिककरांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझा उजवा खुबा बदलला त्याला आता दीड वर्ष होईल. त्याआधीचे अकरा महिने तारखेची वाट पाहण्यात गेले. सिडकोतलं दोन खोल्यांचं घर, नवऱ्याची निवृत्ती नुकतीच झालेली आणि घरात येणारा पैसा मोजका. तेव्हापासून ओळखीतून, शेजारातून, दवाखान्याच्या बाकावर भेटलेल्या बायकांकडून मला फोन येतात आणि प्रश्न बहुतेक तेच असतात. ते इथे एकत्र केले आहेत. मी डॉक्टर नाही. औषधाचा आणि ऑपरेशनचा शेवटचा शब्द तुमच्या डॉक्टरांचा.

१. खुबा बदलतात म्हणजे नक्की काय बदलतात? मला तर गुडघा दुखतो.

मांडीच्या हाडाचं वरचं टोक गोळ्यासारखं असतं आणि ते कमरेच्या हाडातल्या वाटीत फिरतं. हा गोळा झिजला किंवा त्याचा रक्तपुरवठा तुटून तो खचला (डॉक्टर याला एव्हीएन म्हणतात), की गोळा आणि वाटीचं अस्तर दोन्ही बदलावं लागतं. मांडीच्या हाडात धातूचा दांडा बसवतात, त्यावर धातूचा किंवा सिरॅमिकचा गोळा आणि वाटीत नवं अस्तर.

खुब्याचं दुखणं जांघेत जाणवतं आणि पुष्कळदा थेट गुडघ्यात उतरतं. माझ्या गुडघ्याचे दोनदा एक्स-रे निघाले, मलमं झाली, गुडघ्याचा पट्टा झाला. तिसऱ्या ठिकाणी एका डॉक्टरांनी मला झोपवून पाय आत-बाहेर फिरवून पाहिला आणि मी ओरडले, तेव्हा खुब्याचा एक्स-रे निघाला. गुडघ्याला काही सापडत नसेल आणि मांडी घालताना किंवा पायात चप्पल चढवताना जांघ अडकत असेल, तर खुबा तपासून घ्यायला तुम्हीच सांगा.

२. तारीख येईपर्यंत चालणं बंद करू का? वापरला तर आणखी झिजेल ना?

पडून राहिलात तर मांडीचे आणि नितंबाचे स्नायू गळतात आणि ऑपरेशननंतर उभं राहायला त्याच स्नायूंची गरज असते. म्हणून चालायचं, पण तुकड्यातुकड्यांनी. सकाळी दहा मिनिटं, संध्याकाळी दहा मिनिटं, सपाट रस्त्यावर. दुसऱ्या दिवशी सकाळी दुखणं नेहमीपेक्षा वाढलेलं असेल तर काल जास्त झालं असं समजायचं.

व्यायाम फुकट आहे. पलंगावर पडून पावलं वर-खाली करणं, गुडघ्याखाली गुंडाळलेला टॉवेल दाबून मांडी ताठ करणं, नितंब आवळून पाच आकडे मोजणं. सरकारी रुग्णालयातल्या फिजिओथेरपी विभागात एकदा जाऊन तुमच्या पायाला काय झेपेल ते शिकून घ्या. पुढचं घरी होतं.

३. काठी कोणत्या हातात धरायची?

दुखत्या पायाच्या विरुद्ध हातात. उजवा खुबा दुखतो तर काठी डाव्या हातात. ती आणि दुखता पाय एकाच वेळी पुढे टाकायचे. जवळजवळ सगळेच सुरुवातीला उलट धरतात.

उंची अशी बघा: चप्पल घालून ताठ उभं राहायचं, हात सैल सोडायचा, काठीची मूठ मनगटाच्या रेषेवर यायला हवी. खालचं रबरी बूच गुळगुळीत झालं की लगेच बदला. ते अगदी स्वस्त असतं आणि ओल्या फरशीवर पडण्यापासून तेच वाचवतं. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखता पाय आणि काठी आधी.

४. काटकसर करतोच आहोत. पण कुठे करू नये?

हा प्रश्न मला एकाच बाईने विचारला. तिने पैसे वाचवण्यासाठी दाताचं दुखणं अंगावर काढलं होतं आणि त्यामुळे तिची तारीख गेली होती.

किडलेला दात, लघवीचा जंतुसंसर्ग, पायाच्या बोटांमधली चिखली, अंगावरचं गळू यांतले जंतू रक्तातून नव्या सांध्यापर्यंत पोहोचू शकतात. सांध्यात पू झाला तर पुन्हा ऑपरेशन आणि कधी कधी बसवलेलं सगळं काढावं लागतं. त्या खर्चापुढे दात काढण्याचा खर्च काहीच नाही. तसंच साखर आणि हिमोग्लोबिन. साखर हाताबाहेर असेल किंवा रक्त कमी असेल तर भूलतज्ज्ञ फिटनेस (ऑपरेशन झेपेल असा दाखला) देत नाहीत आणि हाती आलेली तारीख परत जाते. म्हणून दात, साखर, रक्त, लघवी ही चार कामं वाट पाहण्याच्या पहिल्याच महिन्यात करा. शेवटच्या आठवड्यापर्यंत लांबवू नका.

दुसरी जागा म्हणजे पडण्यापासून बचाव (प्रश्न ५). तिसरी पोटभर, कसदार जेवण (प्रश्न ७). या तिन्ही ठिकाणी हात आखडू नका. बाकी किराणा, कपडे, प्रवास, सणवार यांत जेवढं वाचवाल तेवढं वाचवा.

५. घरात काय काय बदलावं लागतं? फारसा खर्च झेपणार नाही.

सगळ्यात आधी फुकटची कामं. पायपुसणी उचला, निदान जी सरकतात ती. जमिनीवरून गेलेल्या वायरी भिंतीकडे घ्या. रात्री पलंगापासून मोरीपर्यंत छोटा दिवा चालू ठेवा. रोजची भांडी, डबे, औषधं कमरेपासून खांद्यापर्यंतच्या उंचीवर आणा. खालच्या मांडणीतलं काही वाकून काढायचं नाही.

मग बसण्याची उंची. बसल्यावर गुडघे कमरेपेक्षा खाली राहिले पाहिजेत. ऑपरेशननंतर काही आठवडे खुबा काटकोनापेक्षा जास्त वाकवायचा नसतो, म्हणजे तीच सवय आतापासून. खोल सोफा, झोपाळा, बाज बंद. साधी लाकडी, हातांची, ताठ पाठीची खुर्ची उत्तम, आणि ती बुटकी असेल तर तिच्यावर घडी घातलेली सतरंजी किंवा जुन्या गोधड्यांची घट्ट चौकोनी बैठक शिवून बांधा. मऊ उशी नको, ती दबते. पलंग बुटका असेल तर चारही पायांखाली सुताराकडून खाच पाडलेले लाकडी ठोकळे करून घ्या. नुसत्या विटा घसरतात, मी तसं करून पाहिलं आणि पहिल्याच रात्री पलंग हलला.

भारतीय पद्धतीचा संडास ही सगळ्यात मोठी अडचण. तो फोडून कमोड बसवायची गरज नाही. त्यावर ठेवायची मधे भोक असलेली प्लास्टिकची किंवा लोखंडी कमोड खुर्ची मिळते. शालिमार परिसरात किंवा मोठ्या रुग्णालयांच्या आसपास सर्जिकल सामानाच्या दुकानांत बघा. घेताना बसून बघा, पायांना रबर आहे का बघा आणि दोन्ही हातांवर जोर देऊन उठून बघा.

अंघोळीसाठी उंच, चार पायांचं प्लास्टिकचं स्टूल, खाली रबरी चटई. बादली जमिनीवर ठेवली तर वाकावं लागतं, म्हणून ती दुसऱ्या स्टुलावर. भिंतीला धरायचा दांडा बसवायचा असेल तर गवंड्याकडून पक्क्या विटेत बसवून घ्या. टॉवेल अडकवायची नळी कधीही धरू नका, तिला माणसाचं वजन पेलत नाही.

खाली पडलेली वस्तू उचलायला लांब चिमटा विकत मिळतो. मी काठीच्या टोकाला आकडा बांधून कपडे उचलत होते, पण किल्ली आणि गोळीचं पाकीट त्याने उचललं जात नाही. चिमटा घ्याच.

६. घरात स्वयंपाक करणारी मीच. ओट्यापाशी उभं राहवत नाही. काय करू?

उंच स्टूल घ्या. बार-काउंटरला असतं तसं, पण पाठ असलेलं. ओट्याशी अर्धं टेकून बसायचं. भाजी निवडणं, चिरणं, कणीक मळणं टेबलावर. जमिनीवर बसून विळी वापरणं बंद.

कुकरचा उपयोग करा. एकाच वेळी वरण, भात आणि बटाटा किंवा कडधान्य लावा, गॅसही वाचतो. कडधान्य रात्री भिजवलं तर शिट्ट्या कमी लागतात. सिलिंडर सरकवायचा असेल तर घरातल्या दुसऱ्या कुणाला सांगा.

ऑपरेशननंतरच्या पंधरा दिवसांसाठी आधीच करून ठेवा: मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, जवसाची चटणी, कूट, भाजलेला रवा, थालीपिठाची भाजणी. मेतकूट-तूप-भात, उपमा, थालीपीठ हे नवरा किंवा मुलगा सहज करू शकतो. माझ्या घरात झालं तसंच. त्याआधी दोन महिने मी खुर्चीत बसून सांगत होते आणि ते करत होते, म्हणून नंतर अडलं नाही. ही शिकवणी वेळेत सुरू करा.

७. कमी पैशांत ताकदीचं काय खावं?

आपल्या भागात नागली (नाचणी) मिळते हे भाग्य समजा. पेठ, सुरगाणा, त्र्यंबक, इगतपुरीकडून येणाऱ्या नागलीत शंभर ग्रॅमला सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, दुधापेक्षा बरंच जास्त. भाकरी, आंबील, सत्त्व, काहीही करा. लोहासाठी बाजरी, पालेभाज्या, हळीव. त्यावर लिंबू पिळा, त्याने लोह अंगी लागतं. जेवणाबरोबर किंवा लगेच नंतर चहा घेतला तर उलट होतं, म्हणून तासभर थांबा.

जखम भरायला प्रथिनं लागतात. मटकी, हरभरा, मूग, शेंगदाणे, फुटाणे, सोयाबीन, अंडी, ताक. एका अंड्यात सहा ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात. अंडी चालत नसतील तर दोन्ही जेवणांत उसळ किंवा घट्ट वरण हवं. आमटी पातळ करून सगळ्यांना पुरवणं ही आपल्या बायकांची जुनी सवय आहे. या वर्षी स्वतःच्या वाटीत खालची डाळ घ्या.

खरेदीचं सांगायचं तर गंगेवरचा (आपण गोदावरीला गंगाच म्हणतो) बुधवारचा बाजार स्वस्त, पण घाटाच्या पायऱ्या आणि गर्दी खुब्याला झेपत नाही. घरातल्या दुसऱ्याला पाठवा. कांदा एप्रिल-मेमध्ये उन्हाळ घ्या, तीन-चार शेजारणी मिळून गोणी. तो हवेशीर जागी पसरून ठेवला तर चार महिने टिकतो. लाल कांदा टिकत नाही, तो साठवू नका. फेब्रुवारी-मार्चमध्ये द्राक्षं स्वस्त होतात, पण साखरेचा त्रास असेल तर मोजून.

८. डॉक्टर म्हणाले वजन कमी करा. चालताच येत नाही तर कसं करू?

चालताना खुब्यावर शरीराच्या वजनाच्या सुमारे अडीच पट भार येतो, त्यामुळे दोन-चार किलोंचाही फरक पायाला कळतो. उपाय ताटात आहे. चहातली साखर, बेकरीची बिस्किटं, शेव-फरसाण, तळण बंद केलं की पैसेही वाचतात. भात आणि पोळी थोडी कमी, उसळ आणि भाजी जास्त. उपाशी राहू नका. स्नायू गळाले तर वजन उतरूनही काही उपयोग नाही (प्रश्न २ आणि ७).

९. औषधांचा महिन्याचा खर्च परवडत नाही. जनऔषधीची औषधं खरंच चालतात का?

चालतात. डॉक्टरांना सांगा की चिठ्ठीवर कंपनीच्या नावाऐवजी औषधाचं मूळ नाव लिहून द्या. रक्तदाब, साखर, कॅल्शियम, पॅरासिटामॉल अशा नेहमीच्या औषधांची किंमत जनऔषधी केंद्रात बाजाराच्या निम्म्याहूनही कमी असते. जाण्याआधी फोन करून औषध आहे का ते विचारा, म्हणजे खेप फुकट जात नाही.

१०. एका गोळीने भागत नाही म्हणून दुसरीही घेते. चालेल का?

नको. दोन वेगळ्या नावांच्या पाकिटांत एकाच जातीचं औषध असू शकतं. डायक्लोफेनॅक, अ‍ॅसिक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन ही सगळी एकाच कुळातली. महिनोन्‌महिने घेतली तर पोटात व्रण होतात, मूत्रपिंडावर ताण येतो आणि रक्तदाब वाढतो. मूत्रपिंड बिघडलं तर ऑपरेशनही लांबतं. पॅरासिटामॉलपासून सुरुवात होते, पण दिवसाला किती, तेही डॉक्टरांकडून लिहून घ्या.

सांधेदुखीवर ‘तीन दिवसांत गुण’ म्हणून मिळणाऱ्या पुड्यांबद्दल विशेष काळजी घ्या. बिननावाच्या अशा पुड्यांमध्ये कधी कधी स्टेरॉइड मिसळलेलं सापडतं आणि स्टेरॉइड हे खुब्याचा गोळा खचण्याच्या मुख्य कारणांपैकी एक आहे. गुण आला तरी घेऊ नका, आणि आधी घेतल्या असतील तर ते डॉक्टरांना न लाजता सांगा. भूल देताना त्याचा संबंध येतो.

११. सांध्यात इंजेक्शन घेऊन काही महिने ढकलता येतील का?

स्टेरॉइडचं इंजेक्शन सांध्यात घेतल्यानंतर तीन महिन्यांच्या आत सांधा बदलला तर जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. म्हणून तारीख जवळ असेल तर बहुतेक डॉक्टर देत नाहीत. दुसरीकडे कुठे घेतलं असेल तर तारखेसह ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांना कळवा.

१२. रात्री झोप लागत नाही.

दुखती बाजू वर ठेवून कुशीवर झोपा आणि दोन्ही गुडघ्यांच्या मधे जाड उशी किंवा घडी घातलेली गोधडी ठेवा. नाशिकच्या डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत सांधा आखडतो. झोपण्याआधी गरम पाण्याच्या पिशवीने पंधरा मिनिटं शेक घ्या. पिशवीवर टॉवेल हवा. साखरेमुळे पायांची संवेदना कमी असेल तर शेक दुसऱ्या माणसाने हात लावून बघितल्याशिवाय घेऊ नका.

१३. दवाखान्याच्या खेपांतच पैसे जातात. कमी कसे करू?

आधी एका दिवसात दोन कामं बसतील असं बघा. एक्स-रे, रक्त, भूलतज्ज्ञ वेगवेगळ्या दिवशी बोलावत असतील तर बाहेरगावाहून येतो असं सांगा, पुष्कळदा एकत्र करून देतात. सगळे कागद एका फायलीत, तारखेच्या क्रमाने. फाइल नीट असली की तपासणी पुन्हा करायला लागत नाही आणि हीच मोठी बचत.

तालुक्याहून येणाऱ्यांसाठी एसटीत महिलांना अर्ध तिकीट आहे, ६५ वर्षांपुढच्या सगळ्यांना अर्ध आणि ७५ पुढे मोफत. आधार कार्ड सोबत ठेवा. शहरात रिक्षात बसताना आधी पाठ सीटकडे करून बसा, मग पाय आत घ्या. शेअर रिक्षात तिघा-चौघांमध्ये दाबून बसण्यापेक्षा घाईची वेळ टाळून बस बरी.

१४. महात्मा फुले योजनेत हे ऑपरेशन होतं का? आमचं रेशनकार्ड पांढरं आहे.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आता राज्यातल्या सगळ्या कुटुंबांसाठी आहे, पिवळं, केशरी, पांढरं कोणतंही कार्ड असो. कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण आहे. योजनेतल्या रुग्णालयात दारापाशीच आरोग्यमित्राचं (योजनेची माहिती आणि मदत देणाऱ्या माणसाचं) टेबल असतं. रेशनकार्ड, आधार आणि एक्स-रे घेऊन तिथे जा आणि एकच नेमका प्रश्न विचारा: ‘खुब्याचा सांधा बदलण्याचं पॅकेज या रुग्णालयाला मंजूर आहे का?’ रुग्णालय योजनेत असलं तरी प्रत्येक ऑपरेशन तिथे योजनेतून होईलच असं नसतं. काही उपचार सरकारी रुग्णालयांसाठी राखीवही असतात. एका ठिकाणी नाही म्हणाले म्हणजे सगळीकडे नाही, हे लक्षात ठेवा.

मंजुरी ऑपरेशनच्या आधी लागते. आधी पैसे भरून ऑपरेशन केलं आणि नंतर योजनेतून परत मागितले, असं होत नाही. घरच्यांनी घाईत हीच चूक केल्याची दोन उदाहरणं माझ्या ओळखीत आहेत. रेशनकार्डावरचं आणि आधारवरचं नाव जुळत नसेल तर आजच दुरुस्तीला द्या.

१५. योजनेत मंजुरी मिळाली, तरी वरचे पैसे मागतात. द्यावे का?

पॅकेजमध्ये खाट, तपासण्या, औषधं, सांधा आणि दाखल असतानाचं जेवण येतं. कशासाठी पैसे हवेत ते लेखी मागा. लिहून देत नसतील तर आरोग्यमित्राला सांगा आणि १५५३८८ या मोफत क्रमांकावर तक्रार नोंदवा. माझ्याकडेही एका ठिकाणी ‘चांगला सांधा हवा असेल तर’ असं म्हणून रक्कम सांगितली गेली. मी लेखी मागितल्यावर विषय तिथेच थांबला. भीती वाटते, कळतं, कारण तोच डॉक्टर आपल्याला कापणार असतो. म्हणून बोलायला घरातलं दुसरं माणूस पाठवा.

१६. सासूबाई ७४ वर्षांच्या आहेत. त्यांच्यासाठी वेगळं काही आहे का?

७० वर्षांपुढच्यांना मोफत उपचारांसाठी केंद्र सरकारचं आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं, उत्पन्नाची अट नाही. ते ऑक्टोबर २०२४ पासून सुरू झालं. आधारवरून नोंदणी होते. कार्ड मिळालं की पुढची चौकशी प्रश्न १४ प्रमाणेच.

काठी, वॉकर, कमोड खुर्ची यांसाठी राज्याची मुख्यमंत्री वयोश्री योजना आहे. ६५ वर्षांपुढचे, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २ लाखांच्या आत असलेले, त्यांना एकदा ३००० रुपये खात्यात मिळतात. समाजकल्याण कार्यालयात अर्ज कधी घेतात ते विचारा.

१७. योजनेत बसलं नाही तर?

धर्मादाय ट्रस्टची रुग्णालयं बघा. कायद्याने त्यांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. निर्धनसाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा १ लाख ८० हजार, दुर्बलसाठी ३ लाख ६० हजार. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला लागतो आणि तो यायला वेळ जातो, म्हणून आधीच काढून ठेवा. रुग्णालयातल्या समाजसेवकाला भेटा, नुसत्या बिलाच्या खिडकीवर विचारू नका. दाद दिली नाही तर नाशिकच्या धर्मादाय सहआयुक्तांच्या कार्यालयात अर्ज करता येतो.

मुख्यमंत्री सहायता निधीतूनही वैद्यकीय मदत मिळते. तिथेही उत्पन्नाचा दाखला आणि रुग्णालयाचं खर्चाचं अंदाजपत्रक लागतं. सावकाराकडे किंवा मोबाइलवरच्या कर्जाकडे वळण्याआधी हे सगळे दरवाजे ठोठवा.

१८. मी अंबडच्या कंपनीत आहे. पगार थांबला तर घर कसं चालेल?

पगारातून ईएसआयसी (कामगार विम्याची वर्गणी) कापली जात असेल तर ऑपरेशन त्यातूनच बघा, सातपूरच्या कामगार विमा रुग्णालयात सुरुवात करा. आजारपणाची रजा घेतल्यास वर्षाला ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या ७० टक्के रक्कम मिळते. त्यासाठी आधीच्या सहा महिन्यांच्या वर्गणी-काळात निदान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली हवी. दुखण्यामुळे आधीच खाडे होत असतील तर हे दिवस मोजून ठेवा. बिनपगारी खाडे वाढून हक्क गेल्याचं नंतर कळतं. भविष्य निर्वाह निधीतूनही आजारपणासाठी रक्कम काढता येते.

१९. आता मेडिक्लेम काढला तर चालेल का?

या ऑपरेशनसाठी चालणार नाही असंच धरा. सांधा बदलण्यासाठी पॉलिसीत साधारण दोन ते तीन वर्षं थांबावं लागतं, आणि आधीचा आजार लपवला तर दावा फेटाळतात. अपवाद अपघाताचा. पॉलिसी चालू असताना पडून हाड मोडलं तर ही थांबण्याची मुदत सहसा लागू होत नाही.

२०. महाग सांधा घ्यायचा की साधा? किमतीवर सरकारची मर्यादा आहे ना?

२०१७ मध्ये जी कमाल किंमत ठरली ती गुडघ्याच्या सांध्यांसाठी होती, खुब्याच्या नाही. हा गैरसमज फार आहे. म्हणून स्वतः पैसे भरत असाल तर सांध्याची कंपनी, प्रकार आणि किंमत वेगळी लिहून घ्या आणि दोन ठिकाणी विचारा. सिरॅमिक गोळा तरुण, खूप हालचाल करणाऱ्या रुग्णाला सुचवतात. ६५-७० वर्षांच्या माणसाला तो हवाच का, हा प्रश्न विचारण्यात गैर काही नाही. ऑपरेशननंतर सांध्याच्या पाकिटावरचं स्टिकर फाइलमध्ये लावून घ्या, पुढे कधीही लागेल.

२१. दुसऱ्यांचा वापरलेला वॉकर, कमोड खुर्ची घेऊ का?

घ्या. साबणाच्या पाण्याने धुऊन उन्हात वाळवा, स्क्रू आवळा, रबरी बुचं नवी लावा, उंची तुमच्या मापाची करा. वॉकर वाकलेला असेल तर परत द्या. माझा वॉकर माझ्यानंतर चार घरी फिरला आहे.

२२. एक पाय आखूड झालाय. चप्पल उंच करून घेऊ?

डॉक्टरांनी मोजल्याशिवाय नको. कधी कधी हाड आखूड नसतं, स्नायू आखडल्यामुळे कंबर तिरकी झालेली असते. मापून उंची लिहून दिली तर मोची थोडक्या पैशांत तळाला थर लावून देतो. ऑपरेशननंतर लांबी बदलते, म्हणून महागडे बूट आता करू नका.

२३. मशेरी सोडायलाच हवी का?

हो. तंबाखू, विडी, मशेरी सगळं. निकोटिनमुळे जखमेला रक्त कमी पोहोचतं आणि ती भरायला उशीर लागतो. निदान महिनाभर आधी थांबा. घरातल्या बायकांची मशेरी डॉक्टरांना कधी कळतच नाही, कारण कुणी विचारत नाही आणि आपण सांगत नाही. सांगा.

२४. द्राक्षबाग आहे, निफाडला. ऑक्टोबर छाटणीच्या आधी ऑपरेशन उरकू का?

ऑगस्टमध्ये ऑपरेशन केलं तर सहा आठवडे वॉकर आणि काठीत जातात, म्हणजे छाटणीला तुम्ही बांधावर खुर्ची टाकून बसू शकाल. पण सरीतून चालणं, पाठीवर पंप घेणं, ट्रॅक्टरवर चढणं याला निदान तीन महिने धरा, आणि छाटणीनंतरचे फवारणीचे दिवस नेमके त्यातच येतात. शिवाय पावसात चिखल. ज्यांच्याकडे भरवशाचं दुसरं माणूस नाही त्यांनी माल उतरल्यावर, मार्च-एप्रिलमध्ये करावं आणि खरड छाटणी (माल उतरल्यानंतरची) वाट्याने किंवा मजुरीने द्यावी असं मला वाटतं. पुढच्या ऑक्टोबरला तुम्ही स्वतः बागेत असाल. मात्र दुखणं झपाट्याने वाढत असेल तर हंगाम बघत बसू नका.

२५. दरवर्षी निवृत्तिनाथांच्या पालखीबरोबर जातो. आणि पुढे सिंहस्थही आहे.

पालखी नाशिकमधून जाते, तिथे दर्शन घ्या, हवं तर सपाट रस्त्यावर शंभर पावलं चाला. पंढरपूरपर्यंतची वारी नव्या खुब्याने करणारे लोक आहेत. या वर्षी तो पाय जपा. सिंहस्थातली मुख्य स्नानं २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये आहेत. त्या दिवसांत पंचवटी, द्वारका, त्र्यंबक रोड या भागांत वाहनं अडणारच. ऑपरेशन किंवा टाके काढायची तारीख त्या दिवसांवर येत असेल तर आत्ताच बदलून मागा. घाटाच्या ओल्या पायऱ्यांवर काठी घेऊन उतरू नका, घरी आणलेलं गंगेचं पाणी पुरेसं आहे.

२६. वाट पाहायची ठीक, पण कधी थांबू नये?

पडल्यावर किंवा अचानक पायावर भारच देता येत नसेल. खुब्याच्या दुखण्याबरोबर ताप, थंडी असेल. एकच पोटरी सुजून दुखत असेल. गोळ्या चालू असताना शौच काळं, डांबरासारखं होत असेल. लघवी-शौचाचा ताबा जात असेल. यांतलं काहीही झालं तर त्याच दिवशी रुग्णालय, गरज पडल्यास १०८.

२७. तारीख दुसऱ्यांदा पुढे ढकलली. आता सगळ्या तपासण्या पुन्हा करायच्या?

सगळ्या नाही. एक्स-रे सहसा चालतो. रक्त, साखर, लघवी, ईसीजी यांची मुदत रुग्णालयानुसार वेगळी असते. ‘यातलं काय चालेल आणि काय नव्याने लागेल’ ते भूलतज्ज्ञांच्या सहीने फाइलवर लिहून घ्या आणि नवीन तारखेच्या आठ-दहा दिवस आधीच त्या तपासण्या करा, त्याहून लवकर नको. योजनेची मंजुरी अजून वैध आहे का, ते आरोग्यमित्राकडून तपासा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या बंद केल्या असतील तर पुन्हा केव्हा सुरू करायच्या ते त्याच दिवशी विचारा, अंदाजाने ठरवू नका. रक्त देणारं माणूस लागेल असं सांगितलं असेल तर त्यालाही नवी तारीख कळवा. आणि रुग्णालयात न्यायला भरलेली सामानाची पिशवी तशीच राहू द्या. मी ती रिकामी केली होती, आणि तिसऱ्या वेळी फोन संध्याकाळी आला, सकाळी सातला दाखल व्हायचं म्हणून.